मेमरीतून उतरवलेली तार

मी पोटासाठी नेमकं काय करतो हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "जावई कॉम्प्युटरमध्ये असतात," असं ते लोकांना सांगत, आणि ऐकणारा असा हळहळायचा, जणू मला कुणीतरी आत बसवून वरून झाकण लावलंय. खरं सांगायचं तर ते फारसं चुकीचं नव्हतं. बाकीचे लोक पडद्यासमोर बसून कॉम्प्युटर चालवतात. मी आतला माणूस. यंत्राच्या पोटात एक प्रोग्राम कायम जागा असतो. तो बाकीच्या प्रोग्रामांना जागा देतो, रांगेत उभं करतो, त्यांची भांडणं सोडवतो. त्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलची नस न् नस मला ठाऊक होती, आणि ती ठाऊक असल्याचा माज तर त्याहून जास्त होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पुण्यात एका कंपनीच्या कर्नल विभागात दोन वर्षं काढल्यावर कंपनीनं मला जळगावला धाडलं. साऱ्या खानदेशात आमची यंत्रं मोजून पाच. प्रत्येक यंत्र गोदरेजच्या छोट्या कपाटाएवढं, त्याला चार-चार टर्मिनलं, म्हणजे पडदा नि कळफलक, जोडलेली. या पाच कपाटांचा वैद्य, सुईण आणि भगत मी एकटाच.

आता थोडं शिकवतो. घाबरू नका, केळीवरून शिकवतो.

रावेरच्या मळ्यात केळी कापायला सुरुवात झाली, की एकेका घडासाठी ट्रक पळत नाही. घड बांधावर आणून पाल्याखाली रचतात. रास पुरेशी झाली की ट्रक येतो आणि सगळं एकदम घेऊन जातो. कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे दूरचा बाजार. तिथं पोचलेला माल सुरक्षित, पण पोचायला वेळ लागतो. मेमरी म्हणजे बांध. हाताशी, झटपट, पण उघड्यावर. तुम्ही टाइप केलेलं अक्षर आधी या बांधावर पडतं. तिथल्या एकेका ढिगाला आम्ही बफर म्हणतो. प्रत्येक बफरला एक चिठ्ठी असते: माल कुठला, डिस्कवर कुठल्या जागी जायचा, आणि गेला की अजून जायचाय. दर अर्ध्या मिनिटानं कर्नलचा ट्रक येतो आणि 'जायचाय' असं लिहिलेले ढीग उचलतो. मधल्या काळात वीज गेली तर बांधावर पाला सुद्धा उरत नाही.

हे ज्ञान मी देवपूरच्या एका कॉलेजात शिपाई सुकदेव यांना दिलं होतं. तिथल्या सरांची तक्रार होती, की रोज संध्याकाळचं काम सकाळी गायब असतं. मी एक दिवस मुक्काम ठोकला, तर साडेपाचला सुकदेव आले आणि त्यांनी थेट मेन स्विच खाली ओढला. मी किंचाळलो. ते शांतपणे कुलूप शोधत होते.

"साहेब, वीस वर्षं झाली. मेन पाडल्याशिवाय मी कुलूप लावत नाही."

"अहो, पण मशीन आत लिहीत होतं!"

"मग साडेपाचच्या आत लिहावं त्यानं. बठ्ठे लोक तसंच करतात."

मी हरलो. पाच वाजून वीस मिनिटांनी सगळं आपोआप डिस्कवर उतरेल अशी सोय करून दिली. सुकदेव आणि कर्नल दोघांचाही मान राहिला. इथवर मी शहाणा होतो.

शहाणपण गेलं ते एका वधू-वर मेळाव्यात.

जळगावात आमच्या ओळखीच्या एका समाजाचा मोठा मेळावा ठरला. मंडळाचे अध्यक्ष आबा. पांढरं धोतर, आवाज एवढा की माईक ही फक्त शोभेची वस्तू. आबांच्या मनात आलं, की यंदा स्थळं कॉम्प्युटरनं जुळवायची. फॉर्म आधीच पोस्टानं आले होते, ते आम्ही महिनाभर टाइप करून डिस्कवर ठेवले. मेळाव्याच्या दिवशी मंडपात यंत्र आणायचं, लोकांच्या दुरुस्त्या घ्यायच्या, विचारलं की पटकन स्थळं दाखवायची, आणि दिवस मावळायच्या आत पूर्ण सूची छापखान्यात द्यायची.

"पटकन म्हणजे किती पटकन?" मी विचारलं.

"मी टाळी वाजवली की उत्तर," आबा म्हणाले.

झालं! मला टाळीचा ध्यास लागला. आठवडाभर बसून मी कर्नलचा बफरचा भाग सोलून काढला. बांध मोठा केला, बफर दुप्पट केले. सारखा ट्रक आला की काम मंदावतं, म्हणून अर्ध्या मिनिटाची फेरी पंधरा मिनिटांवर नेली. वर बफर वाटायची पद्धतही माझ्या अकलेनं बदलली. यंत्र असं पळायला लागलं, की मीच त्याच्याकडे बघून लाजलो.

मेळावा ऐन मे महिन्यात. जळगावचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना अधिक सांगत नाही. मंडपात आठ कूलर, गावची लाइट सकाळीच गेलेली, आणि मागे युसुफभाईंचा जनरेटर धडधडत असलेला. आबा स्टेजवरून टाळी वाजवत, मी बटण दाबी, आणि पडद्यावर स्थळं. "पहूरचा मुलगा, बीएस्सी, तीन मुली जुळतात!" मंडपात हशा, शिट्ट्या. एक अक्का तर यंत्राला कुंकू लावून गेल्या.

दुपारी पहिली पंगत बसली तेव्हा एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. खादीची साडी, खांद्याला पिशवी.

"शालिनी नाव. शिंदखेडा. माझी नोंद काढा. आणि लवकर, वडील जेवायला बसलेत."

मी नोंद काढली. वय सत्तावीस. नोकरी आहे, लग्नानंतर सोडण्यास तयार. अपेक्षा: वडील ठरवतील.

"हे सगळं खोडा," त्या म्हणाल्या. "हा फॉर्म नानांनी भरला. मी सांगते ते घाला."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. आमच्या यंत्रात मराठी अक्षरं नव्हती, मराठी मजकूर इंग्रजी लिपीत घालावा लागे. त्यांनी एक वाक्य तीनदा बदलायला लावलं, कारण त्या शाळेत गणित शिकवत आणि त्यांना शब्द मोजून लागत. शेवटी म्हणाल्या, "हेच छापून येईल ना? नक्की? जुनं छापलं गेलं तर पुन्हा तोच खेळ. मुलगा बघायला येणार, खरं वय कळणार, आणि खोटं बोलले म्हणून मी बदनाम. तीन वेळा झालंय."

मी खुर्चीवर ऐटीत मागे रेललो. "ताई, आता ब्रह्मदेव आला तरी हे पुसलं जाणार नाही."

ब्रह्मदेवाला यायची गरज पडली नाही. पाचेक मिनिटांत चारही टर्मिनलं एकाच वेळी थिजली. बटणं दाबली, हाक मारली, कुंकवाकडे बघून हात जोडले. ढिम्म.

काय झालं होतं ते नंतर उलगडलं. आताच सांगतो, कारण ते झालं मेळाव्यात आणि होतंही मेळाव्यासारखंच. एका प्रोग्रामच्या ताब्यात एक बफर होता, त्याला दुसरा हवा होता. तो दुसरा दुसऱ्याच प्रोग्रामच्या ताब्यात, आणि त्याला नेमका पहिला हवा. मुलाकडचे म्हणतात, आधी मुलीकडच्यांनी विषय काढावा. मुलीकडचे म्हणतात, आधी मुलाकडून शब्द येऊ दे. दोन्हीकडचे चहा पीत बसून राहतात आणि लग्न काही होत नाही. जुनी, पुण्याच्या थोरांनी लिहिलेली पद्धत असं होऊ देत नव्हती. ती मी काढून टाकली होती. मागून ट्रक आला, तोही त्याच दोघांच्या मागे रांगेत उभा राहिला. म्हणजे डिस्कवर काही जायचं नाही.

आबा स्टेजवरून उतरून आले. "काय व्हयनं भो?"

"आबा, शेवटच्या काही मिनिटांतल्या दुरुस्त्या डिस्कवर गेल्या नाहीत."

"किती?"

मी दुरुस्ती घेतलेल्यांच्या नावांची वही बघितली. "सात."

आबांनी लगेच नावं न घेता पुकारलं, की नुकत्याच दुरुस्त्या दिलेल्यांनी टेबलाशी यावं. सहा जण आले आणि बदल पुन्हा सांगून गेले, ते मी कागदावर घेतले. सातवी नोंद शालिनीताईंची. त्या आल्या, पण टेबलाजवळ थांबल्याच नाहीत. पाण्याचा पेला उचलल्यासारखं करून पुटपुटल्या, "आता नाही. ते इथंच आहेत."

"मला आठवेल तेवढं मी..."

"आठवेल तेवढं नको. होतं तेवढं हवं."

आणि खरी गोची तीच होती. तीनदा बदललेल्या त्या वाक्याचं शेवटचं रूप कुठलं, ते माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं.

"सात नंबरची जुनी नोंद आहे ना मशीनमध्ये?" आबा म्हणाले. "मग तीच छापा. मशीन बंद करा, चालू करा."

मी आबांच्या आणि स्विचच्या मध्ये आडवा झालो. कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मंडपात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. यंत्र अडकलं होतं, मेलं नव्हतं. वीज होती. म्हणजे बांधावरची केळी अजून बांधावरच होती!

आमच्या यंत्राच्या पाठीला एक लाल बटण होतं. ते दाबलं, की कर्नल बाजूला होई आणि चिपमध्ये कोरलेला एक अगदी छोटा, अडाणी प्रोग्राम जागा होई. त्याला एकच कला येत असे: मेमरीतल्या घराचा नंबर द्या, तो त्या घरात काय आहे ते दाखवी. मेमरी म्हणजे लाखो घरांची एकच लांब गल्ली. कुठल्या नंबरपासून कर्नल राहतो, कुठून बफर सुरू होतात, याचा नकाशा मी स्वतः आखलेला, लांबलचक कागदावर छापलेला, आणि टेबलाला पोळ्यांचं तेल लागू नये म्हणून जेवणाच्या डब्याखाली अंथरलेला होता. मी डबा उचलला.

तेवढ्यात युसुफभाई आले. "इंजिनियरसाब, डिझेल आधा घंटा चलेगा. पंपवाला खाना खाने गया है. आपका लाडका बंद करूं?"

"युसुफभाई, जनरेटर थांबला तर इथं एक मयत होईल."

"कोणाचं?"

"माझं."

त्यांनी मान डोलावली. "तो लोड कम करो." आणि माझ्या परवानगीची वाट न बघता त्यांनी आठही कूलर बंद केले. मंडप कण्हला. मग त्यांनी माईक बंद केला. स्टेजवर एक पाहुणे चाळीस मिनिटं संस्कारांवर बोलत होते, त्यांचे ओठ नुसतेच हलू लागले. मंडपानं टाळ्या वाजवल्या. दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या.

मी लाल बटण दाबलं. पडद्यावर एक टिंब लुकलुकलं. नकाशातला पहिला नंबर दिला आणि चिठ्ठ्या तपासत सुटलो. गेला, गेला, गेला... जायचाय! उघडला. दुसऱ्याच कुणाची तरी नोंद. पुढचा. पुढचा. पाचव्या ढिगाच्या तळाला सापडलं: एस, एच, ए, एल. शालिनी. नाव, गाव, आणि तिथं ढीग संपला. बाकीचा मजकूर दुसऱ्या ढिगात, आणि तो गल्लीत कुठं तरी लांब. तोही चिठ्ठीवरून सापडला.

आता अडचण अशी, की हा अडाणी प्रोग्राम अक्षरं दाखवत नसे, आकडे दाखवी. प्रत्येक अक्षराला दोन खुणा. सहा-ई म्हणजे एन, सहा-एफ म्हणजे ओ, दोन-शून्य म्हणजे मोकळी जागा. मी नंबर द्यायचा, वाचायचं, उलगडायचं, लिहायचं, घाम पुसायचा, एवढं सगळं एकट्यानं करायचं म्हणजे तास गेला असता. डिझेल वीस मिनिटांचं. मी हाताशी असलेली, आकड्यांवरून अक्षरं सांगणाऱ्या कोष्टकाची पाटी वर धरून ओरडलो, "मी आकडे वाचणार. यावरून अक्षरं लिहून घेणारा कुणी तरबेज माणूस हवाय!"

आबांचा चेहरा उजळला. "अरे, आपले तारमास्तर आहेत ना! नाना, आठे या, इकडे!"

गर्दीतून एक सडपातळ म्हातारे पुढे आले. तीस वर्षं पोस्टात तारा घेतलेले. त्यांनी चष्मा पुसला, कोष्टकावरून एकदा नजर फिरवली आणि माझ्यासमोर बसून पेन्सिल उचलली. हे नाना म्हणजेच शालिनीताईंचे वडील, ही गोष्ट अर्ध्या मंडपाला ठाऊक होती. मला नव्हती. आणि सात नंबर कोण, हे मला ठाऊक होतं, मंडपाला नव्हतं. नानांच्या मागे शालिनीताई उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होत्या. मला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्यात. मी हातानं त्यांना धीर दिला.

"सुरू करा," नाना म्हणाले. "एका लयीत. मध्ये थांबू नका."

"सात-सहा, सहा-एक, सात-नऊ."

पेन्सिल चालू लागली. मी पाहतच राहिलो. पहिल्या दोन ओळींना त्यांनी कोष्टकाकडे पाहिलं, नंतर पाहिलंच नाही. आकडा माझ्या तोंडातून निघायचा आणि अक्षर कागदावर उतरलेलं असायचं. भोवती माणसांची भिंत झाली. कूलर बंद, घामाच्या धारा, पण कुणी हलेना. सगळे माझ्या तालावर पुटपुटायला लागले. "सहा-ई!" मी म्हटलं की दहा-बारा काका एका सुरात, "एन!" कुणी चुकलं की शेजारचा खेकसायचा, "एन कुठला? एम शे तो!" एका आजोबांनी सहा-एक आलं की टाळी द्यायला सुरुवात केली. सहा-एक फार वेळा येत होतं.

"नाना, काय लिहिलंय तरी?" आबांनी वाकून विचारलं.

"मला माहीत नाही," नाना पेन्सिल न थांबवता म्हणाले. "तार घेताना अर्थ बघायचा नसतो. अर्थ बघितला की हात चुकतो."

"दस मिनट!" मागून युसुफभाई ओरडले.

"पुढचं," नाना म्हणाले.

"सात-नऊ, सहा-एक, सात-सहा, सहा-पाच..." आणि पुढे सगळी शून्यंच. मजकूर संपला. मी खुर्चीत कोसळलो. मंडपानं असा जल्लोष केला, जणू वरातच दारात आली.

"नाना, वाचा आता!" आबा म्हणाले. "सात नंबरचं काय म्हणणं शे बघू!"

नानांनी पेन्सिल ठेवली. कागद जरा दूर धरला आणि पहिल्यांदाच शब्दांसारखा वाचला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी मात्र शेजारून वाचत होतो, मोठ्या अक्षरांत, एकही खाडाखोड नसलेलं:

'वय ३१. शाळेत गणित शिकवते. नोकरी सोडणार नाही. आई नाही. वडील माझ्याजवळ राहतील, मी त्यांच्याजवळ नाही. हे चालत असेल त्यानेच यावे.'

तीनदा बदललेलं वाक्य ते होतं. वडील माझ्याजवळ राहतील.

नाना वाचून संपले. पुन्हा वरून सुरू केलं. मग मान न वळवता, अगदी हळू म्हणाले, "शालू."

"जी नाना," मागून आवाज आला.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मघापासून ती बाई मान का हलवत होती, हे कळलं. भोवतीचे काका एकमेकांकडे बघू लागले. माणसं हुशार होती, त्यांनाही कळलं. जनरेटर तेवढा बोलत राहिला.

आबांनी परिस्थिती सावरायला नानांच्या कानाला लागून सांगितलं, म्हणजे अख्ख्या मंडपाला सांगितलं, "नाना, बाकीचं राहू द्या. वय तेवढं सत्तावीसच छापू. कोणाला समजणार शे?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "इंजिनियरसाहेब, वयाचे आकडे पुन्हा वाचा."

मी पडद्याकडे वळलो. "तीन-तीन. तीन-एक."

त्यांनी कोष्टकावर बोट ठेवलं. एकदा, दोनदा. खात्री करून घेतली.

"आबा, मशीन बरोबर शे," ते म्हणाले. "फारमच चुकेल व्हता."

आधी तो सहा-एकवाला म्हातारा हसला आणि मग सगळेच हसले. आबा तर इतके, की त्यांना माईक लागलाच नसता.

शालिनीताई पुढे आल्या. डोळे पुसायला पदर उचलला होता, तो तसाच हातात राहिला. काहीतरी बोलायला गेल्या, नानांनी हात वर केला. कागदाची आधी उभी घडी घातली, मग आडवी, नखानं दाबून, जशी ते तीस वर्षं घालत आले असतील. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि कागद आणि पेन दोन्ही मुलीपुढे धरलं.

"शालिनीबाई, शिंदखेडा. तार शे तुमनी. सही करा."

त्यांनी घडीवर सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

"मिळाल्याचा टाइम बी टाका," नाना म्हणाले.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ टाकली.